सात कैद्यांचा तुरुंग आणि एक नेमका प्रश्न

‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा’ या प्रश्नाचं उत्तर हायस्कूलमधला बऱ्यापैकी अभ्यास करणारा कुणीही विद्यार्थी झोपेत लिहील. रिकामी तिजोरी, दरबारची उधळपट्टी, करांचा बहुतेक बोजा तिसऱ्या वर्गावर म्हणजे सामान्य जनतेवर, विचारवंतांचा प्रभाव, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची प्रेरणा. पाच मुद्दे, पाच गुण. यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण हे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला काही ठरवावं लागलं का, कशावर शंका घ्यावी लागली का, एखाद्या पुराव्यापाशी अडावं लागलं का? नाही. त्याने फक्त आठवलं.

आता प्रश्न बदलून बघू. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसचा जमाव बॅस्टिल या किल्लेवजा तुरुंगावरच का चालून गेला? पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ते राजाच्या जुलमाचं प्रतीक होतं, लोकांना राजकैदी सोडवायचे होते. मग वर्गात एक कागद फिरवायचा. त्या दिवशी बॅस्टिलमध्ये कैदी होते सगळे मिळून सात. चौघे खोट्या हुंड्या बनवणारे, दोघे मनोरुग्ण आणि एक उमराव, ज्याला त्याच्या घरच्यांनीच आत टाकायला लावलं होतं. एवढ्यांसाठी एवढा जमाव?

इथे वर्ग सावरून बसतो, आणि शोधाशोध सुरू होते. ११ जुलैला राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकेर याला काढून टाकलं. पॅरिसभोवती सैन्य गोळा होत होतं. शहराला वाटलं, आता आपल्यावर हल्ला होणार. १४ तारखेच्या सकाळी लोकांनी अँव्हालिदच्या सैनिकी इमारतीतून सुमारे ३० हजार बंदुका उचलल्या. बंदुका मिळाल्या, पण त्यात भरायची दारू नव्हती. ती कुठे होती? सुरक्षित राहावी म्हणून काही दिवसांपूर्वीच तिची अडीचशे पिंपं बॅस्टिलमध्ये हलवली होती. त्यातच १७८८ चं पीक गारपिटीने आणि दुष्काळाने बुडालेलं, त्यामुळे पॅरिसमध्ये पावाचा भाव त्याच सुमाराला टिपेला पोचलेला.

दुसऱ्या प्रश्नाने काय केलं ते बघा. पैसा, कर, भूक, राजाविषयीचा अविश्वास ही सगळी जुनी कारणं परत आली. पण आता ती यादीत एकाखाली एक उभी नाहीत. एकीने दुसरीला ढकललेलं दिसतं. शिवाय ‘प्रतीक’ हे उत्तरही पूर्णपणे मोडीत निघत नाही. किल्ला पडल्यानंतर तो दगड-दगड करून पाडला गेला, तो काही दारूसाठी नव्हे. म्हणजे बॅस्टिल आधी कोठार होतं आणि प्रतीक म्हणून त्याचं वजन नंतर वाढलं, असं म्हणता येईल का? यावर वाद घालता येतो, आणि वाद घालायला पुरावा आहे. शाळकरी पातळीवरच्या इतिहास-संशोधनाला याहून जास्त काही लागत नाही.

शोधून आणि लिहून शिकणं म्हणतात ते हेच. ही काही नवी टूम नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिन विद्यापीठात लिओपोल्ड फॉन रांके याने निवडक विद्यार्थ्यांना भोवती बसवून मूळ कागद वाचायला लावायची पद्धत रुजवली, आणि जगभरच्या इतिहास विभागांनी ती उचलली. शाळेत ती बऱ्याच उशिरा उतरली. आज अमेरिकेतल्या ‘एपी’ (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) युरोपीय इतिहासाच्या परीक्षेत एक प्रश्न असा असतो की समोर सात कागद ठेवतात, एक तास देतात आणि त्यांच्या आधारे स्वतःचं म्हणणं मांडायला सांगतात. तिथेच १९८७ साली स्थापन झालेलं ‘द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू’ नावाचं एक त्रैमासिक फक्त हायस्कूलच्या मुलांनी लिहिलेले इतिहासाचे दीर्घ लेख छापत आलं आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे जमेल का, ही शंका आता घ्यायचं कारण उरलेलं नाही.

पण जमतं म्हणजे आपोआप जमतं असं नाही. पहिली अडचण येते कागद वाचताना.

१९९१ साली सॅम वाइनबर्ग या अमेरिकी अभ्यासकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ इतिहासकार आणि आठ हुशार हायस्कूल विद्यार्थी यांच्यापुढे त्याने १७७५ च्या लेक्झिंग्टनच्या चकमकीबद्दलचे (अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तिथून पेटलं) तेच ते कागद ठेवले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. इतिहासकार कागद हातात घेताच आधी तळाशी बघत: कुणी लिहिलं, कधी, कशासाठी. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करत आणि शेवटी माहिती गोळा करून थांबत. कोणता कागद सर्वांत विश्वासार्ह, असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकाच्या उताऱ्याला वरचा क्रमांक दिला. इतिहासकारांनी त्याला बरंच खाली ठेवलं. प्रसंग युरोपातला नसला तरी ही सवय कुठल्याही देशाचा इतिहास वाचताना तशीच दिसते. छापील, सपाट, लेखकाचा चेहरा नसलेला मजकूर मुलांना खरा वाटतो, आणि ज्यात कुणाचा तरी राग किंवा स्वार्थ दिसतो तो ‘पक्षपाती’ म्हणून बाजूला पडतो.

‘पक्षपाती’ हा शेरा मारला की काम संपलं, असं मुलांना वाटतं. खरं तर काम तिथून सुरू होतं. आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ त्या वर्षी फ्रान्समध्ये फिरत होता. १२ जुलै १७८९ ला, म्हणजे बॅस्टिलच्या दोनच दिवस आधी, चढावर घोड्याला आराम म्हणून तो पायी चालत असताना त्याला एक बाई भेटली. लांबून साठ-सत्तरीची वाटली. वय विचारलं तर अठ्ठावीस. सात मुलं, जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडा घोडा. एका जमीनदाराला गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या, दुसऱ्याला ओट, एक कोंबडी आणि एक नाणं, शिवाय सरकारी कर वेगळेच. ती म्हणाली, आमच्यासारख्या गरिबांसाठी कुणी मोठी माणसं काहीतरी करणार आहेत असं ऐकलंय. कोण आणि कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

हा उतारा वर्गात दिला की मुलं हळहळतात, आणि हळहळावंच. पण लगेच पुढचे प्रश्न हवेत. यंग परदेशी. फ्रेंच शेती मागासलेली आहे हे त्याचं आधीपासूनचं मत. त्याचं प्रवासवर्णन छापून आलं १७९२ मध्ये, क्रांती भरात असताना. ही बाई त्याने पाहिली यावर शंका घ्यायचं कारण नाही, पण तिच्यासारख्या किती होत्या हे तो सांगू शकतो का? मग त्या कोंबड्यांकडे वळायचं. ‘सरंजामी शोषण’ असा शब्द पाठ्यपुस्तकात कितीदाही वाचला तरी डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. दरसाल तीन कोंबड्या आणि पलीकडच्या जमीनदाराला आणखी एक, हे वाचल्यावर राहतं.

त्याच वर्षीचे दुसरे कागद म्हणजे तक्रारींच्या वह्या. ५ मे १७८९ ला व्हर्सायला भरणाऱ्या इस्टेट्स जनरलसाठी, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेसाठी, गावागावांतून राजाला कळवायच्या तक्रारी लिहून मागवल्या होत्या. मिठावरचा कर, शिकारीचा हक्क फक्त जमीनदाराला असल्याने त्याची कबुतरं आणि ससे उभं पीक खातात तरी मारता येत नाहीत, अशा तक्रारी त्यात खच्चून भरलेल्या आहेत. क्रांतीच्या घोषणा शोधत वह्या उघडणाऱ्या मुलाची मात्र निराशा होते. राजा नको असं कुणी म्हणत नाही. उलट राजाबद्दल आदर आणि माया ओसंडून वाहते. चार वर्षं पुरी होण्याआधी, २१ जानेवारी १७९३ ला, याच राजाचं डोकं गिलोटिनखाली गेलं. मधल्या काळात काय घडलं, हा प्रश्न आता शिक्षकाला विचारावा लागत नाही. अर्थात इथेही सावध राहायला हवं. वह्या लिहिणारे गावातले लिहिता-वाचता येणारे लोक होते, आणि पुष्कळदा शहरातून आलेला नमुना समोर ठेवून त्यांनी त्या लिहिल्या. शेतमजूर बाईचा आवाज त्यात नाही. म्हणून यंगचा उतारा आणि वही एकमेकींशेजारी ठेवायची. एकीत नाही ते दुसरीत सापडतं का ते बघायचं.

बनावट कागदही फेकून देऊ नयेत, किंबहुना ते आवर्जून द्यावेत. ५ मे १९२० ला मॉस्कोत लेनिन लाकडी मंचावरून भाषण करत असतानाचं प्रसिद्ध छायाचित्र आहे. मंचाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह हे त्याचे सहकारी उभे आहेत, ज्यांना पुढे स्टालिनने शत्रू ठरवलं. नंतरच्या सोव्हिएत छपाईत ते दोघे गायब झाले. खोडलेलं चित्र १९२० च्या सभेचा पुरावा म्हणून कुचकामी आहे. स्टालिनच्या राजवटीचा पुरावा म्हणून मात्र ते अव्वल. कागद खरा की खोटा यापेक्षा तो कशाबद्दल साक्ष देतोय हे महत्त्वाचं, हे मुलांना या दोन चित्रांवरून पाच मिनिटांत कळतं.

आता प्रश्न निवडण्याबद्दल. माझ्या मते निम्मा लेख इथेच जिंकला किंवा हरला जातो. ‘प्लेगमुळे युरोपातली सरंजामशाही संपली का?’ हा विषय आठ पानांत मावत नाही आणि त्याचा पुरावा अनेक भाषांत, अनेक देशांत विखुरलेला आहे. त्याऐवजी इंग्लंडचा १३५१ चा मजूरविषयक कायदा घ्या. तो एकच कागद आहे आणि इंग्रजीत सहज वाचता येतो. प्लेगने माणसं मेली, मजूर मिळेनासे झाले, तेव्हा मजुरी साथीच्या आधीच्या दरावरच राहिली पाहिजे असं या कायद्याने फर्मावलं. मुलं पहिल्यांदा लिहितात, ‘कायद्यामुळे मजुरी वाढली नाही.’ तिथे थांबवून विचारायचं: जी गोष्ट घडतच नाही तिच्यावर बंदी घालायला कायदा कशाला लागेल? कायदा लोकांनी पाळला हे त्या कागदावरून कळत नाही. लोक जास्त मजुरी मागत होते आणि मालक ती देतही होते, हे मात्र कळतं. प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायची खूण साधी आहे: त्याचं उलटं उत्तरही शहाण्या माणसाला पटू शकलं पाहिजे, आणि विद्यार्थ्याला येणाऱ्या भाषेत त्याचे कागद मिळाले पाहिजेत. ज्याला जर्मन येत नाही त्याने जर्मन खेड्यांवर प्रबंध हाती घेऊ नये. उत्साह कितीही असो.

मग लेखन. लेखन म्हणजे सापडलेलं नीट मांडून ठेवणं, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात विचारातल्या भेगा लिहितानाच दिसतात. युरोपच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा लिहिलं जाणारं वाक्य घेऊ. समजा एका विद्यार्थिनीने पहिल्या मसुद्यात लिहिलं: ‘व्हर्सायच्या अपमानकारक तहामुळे जर्मन जनता चिडली आणि तिने हिटलरला सत्तेवर बसवलं.’ यावर लाल शाईने ‘सविस्तर लिहा’ असं खरडलं तर ती हेच वाक्य तीन परिच्छेदांत ताणेल. त्याऐवजी तिला निवडणुकांचे आकडे द्यावेत. पहिल्या महायुद्धानंतरचा हा तह झाला २८ जून १९१९ ला. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं मिळाली २.६ टक्के. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३. जुलै १९३२ मध्ये ३७.३. नोव्हेंबर १९३२ मध्ये ३३.१.

ती बघत बसते. तहाचा राग नऊ वर्षांनी २.६ टक्केच कसा? आणि मग दोन वर्षांत एकदम सातपट? मध्ये १९२९ ची मंदी आली आहे, १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत नोंदलेले बेरोजगार ६० लाखांच्या घरात पोचले आहेत. शिवाय तिच्या मसुद्यात १९२३ ची महागाई आहे, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, ढकलगाडीभर नोटांसकट. ती घटना हिटलरच्या विजयाला चिकटवलेली आहे, पण दोन्हींमध्ये जवळजवळ दशकभराचं अंतर आहे. आणखी एक तारीख तिला गोंधळात टाकते. युद्धाची नुकसानभरपाई लोझानच्या परिषदेत जवळपास रद्द झाली ती जुलै १९३२ च्या सुरुवातीला. नाझींनी सत्तेवर येण्याआधीचा सर्वांत मोठा विजय मिळवला तो त्याच महिन्याच्या ३१ तारखेला.

दुसऱ्या मसुद्यात ती लिहिते: ‘हिटलरचा उदय तहामुळे नव्हे, मंदीमुळे झाला.’ प्रगती आहे, पण वाक्य पुन्हा तेवढंच सरळसोट. आता पुन्हा डिवचायचं. मंदी ब्रिटनमध्येही होती, अमेरिकेतही होती, तिथे हिटलर का नाही? जर्मनीत बेकार झालेला कामगार बऱ्याच प्रमाणात कम्युनिस्टांकडे गेला आणि त्यांची मतं १९२८ च्या १०.६ टक्क्यांवरून नोव्हेंबर १९३२ मध्ये १६.९ वर गेली. नाझींना भरघोस मतं पडली ती प्रॉटेस्टंट खेड्यांत आणि लहान गावांत. आणि ‘जनतेने सत्तेवर बसवलं’ हे तरी खरं का? पक्षाची मतं उतरणीला लागलेली असताना, ३० जानेवारी १९३३ ला, अध्यक्ष हिंडेनबुर्ग याने हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि त्याच्या वर्तुळातल्या लोकांना वाटत होतं की आपण याला मुठीत ठेवू.

तिसऱ्या मसुद्यातलं तिचं वाक्य असं झालं: ‘तहाने नाझींना बोलायला विषय दिला, मंदीने ऐकणारे दिले, पण सत्ता दिली ती त्यांना वापरून घेऊ पाहणाऱ्या मूठभर पुराणमतवाद्यांनी.’ हे शेवटचं सत्य आहे असं कुणी म्हणणार नाही. पण या वाक्यावर आठ पानं लिहिता येतात, प्रत्येक तुकड्याला पुरावा मागता येतो आणि ज्याला ते पटत नाही त्याला भांडताही येतं. पहिल्या वाक्यावर फक्त मान डोलावता येत होती. या प्रवासात तहाचा मुद्दा बाहेर गेला आणि वेगळं काम घेऊन परत आला, हेही तिच्या लक्षात आलं तर उत्तम.

इतिहासकारांतले मतभेद कधी दाखवावेत? माझं मत, मुलाने स्वतः काही लिहिल्यानंतर. आधी दाखवले तर तो दोघांच्या मधोमध उभा राहून ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं लिहून मोकळा होतो. पहिल्या महायुद्धाला जबाबदार कोण हा त्यासाठी उत्तम विषय. १९१४ मध्येच जर्मनीने श्वेत, ब्रिटनने निळं, फ्रान्सने पिवळं, रशियाने नारिंगी पुस्तक छापून आपापले निवडक सरकारी कागद जगापुढे ठेवले. प्रत्येक पुस्तकात आपला देश निर्दोष. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने मुख्य दोष जर्मनीच्याच माथी मारला आणि पश्चिम जर्मनीत गदारोळ उठला. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क याने तो दोष पुन्हा सगळ्या राजधान्यांत वाटून दिला. एका सरकारी पुस्तकातला जुलै १९१४ चा एक आठवडा दुसऱ्या पुस्तकातल्या त्याच आठवड्याशेजारी ठेवून वाचला की मुलांना हा वाद तोंडपाठ करावा लागत नाही.

या पद्धतीवर सगळ्यात मोठा आणि रास्त आक्षेप वेळेचा आहे. प्रबोधनापासून बर्लिनची भिंत पडेपर्यंत पाचशे वर्षं, आणि तुम्ही तीन कोंबड्यांवर दोन तास घालवणार? उत्तर असं की सगळंच खणायचं नसतं. वर्षात तीन-चार ठिकाणी खोल जायचं, बाकीचं शिक्षकाने झपाट्याने आणि रंगवून सांगायचं. आधीची कथा ठाऊक नसलेल्या मुलाच्या हाती मूळ कागद देणंही व्यर्थच. नेकेर कोण हेच माहीत नसेल तर त्याच्या बडतर्फीने पॅरिस का पेटलं ते कुठून कळणार?

कागद मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’, अनेक देशांचे संग्रह एकत्र आणणारं ‘युरोपियाना’, येल विद्यापीठाचा ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’, जिथे व्हर्सायच्या तहाची कलमं वाचता येतात. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले तर शब्द टाकून शोधता येतात. हे सगळं फुकट आहे. चोरीला गेलेला रुमाल, साक्षीदार, शिक्षा: दोन पानांचा एक खटला घेऊन सुरुवात केली तर नवखा विद्यार्थी घाबरत नाही. विकिपीडियावर बंदी घालण्यात अर्थ नाही. तिथून सुरुवात करावी आणि तळटीपांतून बाहेर पडावं.

टिपणं काढताना एकच नियम कडक ठेवावा. दुसऱ्याचे शब्द अवतरणात आणि पानाच्या क्रमांकासह, आपला विचार वेगळ्या शाईत. उचलेगिरीतली बरीचशी प्रकरणं लबाडीतून नव्हे तर गबाळ्या वहीतून जन्मतात. तळटीप का द्यायची हेही सांगायला हवं. ती विद्वत्ता मिरवायला नसते. वाचणाऱ्याला वाटलं तर उठून तोच कागद बघून यावा, यासाठी असते.

आणि यंत्राकडून लिहून घेतलेले लेख? ‘कारणे लिहा’ छापाचा निबंध संगणक क्षणात लिहून देतो, कधीकधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांच्या हवाल्यांसह. म्हणून गुण फक्त अंतिम प्रतीला देणं आता परवडणारं नाही. प्रश्न कसा बदलत गेला त्याची नोंद, टिपणांची वही, खोडलेले मसुदे हे सगळं जमा करून घ्यावं आणि शेवटी दहा मिनिटं समोर बसवून विचारावं: हा कागद तू का निवडलास, कोणता बाजूला टाकलास, काय सापडलं असतं तर तुझं मत फिरलं असतं? ज्याने स्वतः शोधलं आहे त्याला हे प्रश्न आवडतात. यात शिक्षकाचा वेळ खूप जातो, आणि चाळीस मुलांच्या वर्गात असे चार लेख वर्षाला तपासणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. एकच दीर्घ लेख ठेवावा, बाकीचे दोन पानांत आटपावेत. दीर्घ लेखाच्या पहिल्या आणि अंतिम मसुद्यात मात्र निदान तीन आठवड्यांचं अंतर हवं, कारण आकडे बघून मत बदललेल्या मुलाला पहिली चार पानं फाडून पुन्हा लिहायला तेवढा वेळ लागतोच.